हेडलाइटच्या आतलं बेझल घरी रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी आमच्या वडोदरा शहरात शिरली आणि पुढचा महिनाभर मला एकाच तऱ्हेचे फोटो येत राहिले: हेडलाइटच्या आत बोटभर गढूळ पाणी. पाणी काढायला हेडलाइट उघडायचाच आहे, तर आतलं चकचकीत क्रोमही काळं करून टाकू, असं पुष्कळांच्या मनात आलं. हौशी मंडळी त्याआधीही विचारत होतीच. मी धंद्याने पेंटर नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांचे हेडलाइट रंगवत आलोय, आणि पहिली जोडी पुरती वाया घालवलीय (ती कथा प्रश्न ५ मध्ये). प्रश्न तेच ते येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

१. हेडलाइटमध्ये रंगवायचं नेमकं काय? आतलं सगळंच काळं करायचं का?

नाही. पुढे पारदर्शक लेन्स असते. आपण तिला काच म्हणतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांत ती पॉलिकार्बोनेटची असते. मागे काळं हाउसिंग, आत प्रकाश पुढे फेकणारी चांदीसारखी वाटी म्हणजे रिफ्लेक्टर, आणि त्या वाटीभोवतीची शोभेची चौकट म्हणजे बेझल. बोलताना सगळे ‘हाउसिंग रंगवलं’ म्हणतात, पण रंगवायचं असतं ते बेझल.

रिफ्लेक्टरवर रंगाचा एक थेंबही नको. त्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर असतो. बोट लागलं तरी डाग राहतो आणि पुसायला गेलात तर थरच निघतो. इंडिकेटरची वाटी, प्रोजेक्टरचं भिंग आणि हाउसिंगला मागून असलेली हवेची छोटी नळी किंवा टोपी यांनाही हात लावू नका. काही गाड्यांत बेझल आणि रिफ्लेक्टर एकाच तुकड्यात ओतलेले असतात. तुमच्या गाडीत तसं निघालं, तर उघडलेला हेडलाइट साफ करा आणि पुन्हा बंद करा.

२. माझा हेडलाइट उघडेल का? न उघडता बल्बच्या भोकातून स्प्रे मारला तर?

आधी दुसऱ्याचं उत्तर: भोकातून मारलेला रंग सगळ्यात आधी रिफ्लेक्टरवर जाऊन बसतो. नको.

उघडेल की नाही हे सीलवर ठरतं. लेन्स आणि हाउसिंगच्या सांध्यात काळा, चिकट, च्युइंगमसारखा ब्युटाइल असेल तर तो उष्णतेने मऊ होतो. बल्ब, रबरी टोप्या आणि सगळे स्क्रू काढून, हीट गन सांध्यावरून सतत फिरवत ठेवून लेन्स हळूहळू सोडवता येते. मोठा ओव्हन हाताशी असेल तर साधारण १०० अंशांवर आठ-दहा मिनिटं पुरतात. घरच्या ओटीजीत हेडलाइट मावत नाही, त्यामुळे तो वाद घरात काढूच नका. सांधा करड्या, रबरासारख्या टणक सीलचा असेल तर तो कितीही तापवला तरी सुटत नाही. तो कापावा लागतो, आणि नवख्या हाताने कापताना लेन्सला तडा जातो. असा हेडलाइट मी स्वतः उघडत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कोणताच हेडलाइट उघडू नका.

३. बेझल कोणत्या प्लास्टिकचं आहे हे कसं ओळखायचं?

बेझल उलटं करा. आतल्या बाजूला दोन बाणांच्या मध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात: पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीबीटी म्हणजे पॉलिएस्टरच्या घराण्यातलं उष्णता सोसणारं प्लास्टिक. पीपीपुढे टीडी २० किंवा टी ४० असं काही दिसलं तर त्यात तेवढे टक्के टाल्क मिसळलेलं आहे.

खूण नसेल तर तुकडा पाण्यात टाकून बघा असं लोक सांगतात. शुद्ध पीपी तरंगतं हे खरं आहे, पण टाल्क मिसळलेलं पीपी बुडतं. म्हणजे तरंगलं तर बहुधा पीपी, बुडालं तर काहीच सिद्ध झालं नाही.

४. मग रंग कोणता घेऊ? सरळ नाव सांगा.

कंपनीचं नाव सांगणार नाही, जात सांगतो: गाड्यांसाठी बनवलेला, अ‍ॅक्रिलिक, साध्या हवेत पूर्ण सुकणारा स्प्रे, काळ्यात सॅटिन (ना पुरतं चकचकीत, ना पुरतं मॅट) फिनिश. खाली प्लास्टिकला चालणारा प्रायमर. बस.

सगळे मला पहिल्यांदा हेच विचारतात की रंग किती डिग्री सोसतो. प्रश्न चुकीचा नाही, पण दुय्यम आहे. हेडलाइट ही बंद पेटी आहे. मोकळ्या दारावरचा रंग अर्धवट सुकला तरी त्याचा वास वाऱ्यावर जातो. इथे रंगात अडकलेलं थिनर बल्बच्या उष्णतेने बाहेर पडतं, त्याला जायला वाट नसते आणि ते समोरच्या गार लेन्सवर जाऊन बसतं. आतून धुक्यासारखा पापुद्रा येतो, आणि तो पुसायचा तर सगळा हेडलाइट पुन्हा उघडा. म्हणून मी कॅन उचलताना आधी हे बघतो की हा रंग घरच्या परिस्थितीत, भट्टीशिवाय, पुरता सुकेल का. चांगला अ‍ॅक्रिलिक सुकतो. उष्णतेचं म्हणाल तर बेझल बल्बपासून काही अंतरावर असतं आणि नेहमीच्या ६०/५५ वॅटच्या हॅलोजनसमोर तो टिकतो. जादा वॅटेजचे बल्ब घातले असतील तर रंगाचं सोडा, वायरिंगची आणि होल्डरची काळजी करा.

दुकानात गेलात की गल्ल्यावरचे भाई ‘बधुं चालशे’ (सगळं चालेल) म्हणून कुठलाही काळा कॅन पुढे करतात. कॅन फिरवा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. प्लास्टिकचा उल्लेख हवा, सुकण्याची वेळ हवी, दुसरा हात कधी मारायचा ते हवं. यातलं काहीच छापलेलं नसेल तर परत ठेवा.

५. सायलेन्सरचा ६०० डिग्रीवाला रंग घेतला तर जास्त चांगलं ना?

मीही हेच समजलो होतो. सायलेन्सरचे रंग सिलिकॉन रेझिनचे असतात आणि ते पक्के होतात साधारण २०० अंशांवर भाजल्यावर. सायलेन्सर ते काम स्वतःच करतो. पॉलिकार्बोनेट मात्र १५० अंशांच्या आतच लवायला लागतं. म्हणजे रंगाला हवी ती भट्टी बेझल देऊ शकत नाही आणि रंग जन्मभर कच्चा राहतो.

माझी पहिली जोडी अशीच गेली. वरून झकास मॅट काळं, हाताला कोरडं. लावून दिलं, आणि तिसऱ्या रात्री समा-सावलीच्या रस्त्यावर उजवा हेडलाइट दुधाळ दिसायला लागला. उघडून बेझलवर नख दाबलं, तर चंद्रकोरीसारखा वळ उमटला. चार दिवस उन्हात ठेवलं तरी नख उमटायचंच. शेवटी पूर्ण घासून काढलं.

इंजिनवर मारायचा २००-२५० अंशांचा इनॅमल ही वेगळी वस्तू आहे. त्यातले काही साध्या हवेत पूर्ण सुकतात. कॅनवर भाजण्याची अट नसेल तरच घ्या.

६. घरी खिडक्यांचा काळा ऑइल पेंट उरलाय. ब्रशने मारू का?

नको. तो आठवडेच्या आठवडे आतून सुकत राहतो आणि तेवढा वेळ वाफ सोडतो. ब्रशच्या रेघा लेन्समधून भिंगाखाली धरल्यासारख्या दिसतात ते वेगळंच.

७. ओळखीच्या डेंटर-पेंटरकडे एनसी किंवा पीयू आहे, तो म्हणतो फुकट मारून देतो.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, स्वस्त आणि पटकन सुकणारा आहे, पण काळाने ठिसूळ होतो. शिवाय त्याचा थिनर पॉलिकार्बोनेटचा वैरी आहे. थिनरचा बोळा फिरवला की पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. पेट्रोल आणि अ‍ॅसिटोनचंही तेच.

पीयू, म्हणजे हार्डनर मिसळायचा दोन भागांचा रंग, मात्र उत्तम. तो रासायनिक क्रियेने पक्का होतो, आणि मुरल्यावर वाफ सोडण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. पेंटर बूथमध्ये, योग्य मास्क लावून मारणार असेल तर खुशाल द्या. घरी नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फवाऱ्यातून फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा मागे लागू शकतो. कापडी मास्क किंवा रुमाल त्याला अडवत नाही. पीयूचे स्प्रे कॅनही मिळतात, त्यांनाही हेच लागू.

८. क्रोमवर रंग बसतच नाही. टेप लावून काढला की सालासारखा निघतो.

कारण तुम्ही आरशावर रंग मारताय. क्रोम दिसतं ते खरं क्रोम नसतं. तो अ‍ॅल्युमिनिअमचा मुलामा असतो आणि त्यावर पारदर्शक लाखेचा थर. रंगाला पकड मिळायला ती झळाळी मारावीच लागते.

भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सगळीकडे सारखा फिरवा. अरुंद खाचांत राखाडी स्कॉचब्राइट बोटाला गुंडाळून जाते. कुठेच चमक राहता कामा नये, सगळं राखाडी दिसलं पाहिजे. मुलामा जागोजागी निघून खालचं प्लास्टिक दिसलं तर घाबरू नका. फक्त कडा नखाला लागत असतील तर त्या मऊ करून घ्या, नाहीतर सॅटिन रंगातूनही नकाशा दिसतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते पॉलिकार्बोनेटला चालतं. यापुढे उघड्या हाताने बेझल धरायचं नाही.

कॉस्टिक सोड्यात बुडवून क्रोम उतरवायचा व्हिडिओ फिरतोय. अ‍ॅल्युमिनिअम विरघळतं हे खरं, पण त्यातून हायड्रोजन निघतो, सोडा कातडी जाळतो आणि पॉलिकार्बोनेट-पीबीटीही खातो. अर्ध्या तासाचं घासणं वाचवायला एवढं कशाला?

९. पीपी प्रायमर लागतोच का? सगळ्या प्लास्टिकला तोच?

बेझल पीपीचं असेल (प्रश्न ३) तर लागतोच. पीपीचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्याला काही चिकटत नाही. हा प्रायमर बहुधा पारदर्शक असतो. पातळ फवारा मारायचा आणि कॅनवर लिहिलेल्या वेळेतच पुढचा हात द्यायचा. तो ‘नीट वाळू दे’ म्हणून रात्रभर ठेवलात तर त्याचा उपयोग गेला.

बेझल पॉलिकार्बोनेटचं असेल तर पीपी प्रायमर नको, त्यातली जहाल द्रावणं पॉलिकार्बोनेटला भेगा पाडू शकतात. त्याला सर्व प्लास्टिकचा राखाडी प्रायमर पातळ हातांनी द्या. खात्री नसेल तर आधी बेझलच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला रुपयाएवढा ठिपका मारून एक दिवस थांबा.

१०. मॅट, सॅटिन की ग्लॉस? आणि काळाच का? मला गाडीच्या रंगाचं हवंय.

ग्लॉसमध्ये धुळीचा कण न् कण दिसतो, आणि गच्चीवर धूळ असतेच. मॅट छान दिसतो, पण जुळवताना बोट घासलं की तिथे चमकदार पट्टा उमटतो. सॅटिन दोन्ही पापं पोटात घालतो.

गाडीच्या रंगाचं बेझल पांढऱ्या, राखाडी गाड्यांवर शोभतं. लाल गाडीवालेही विचारतात. बेझल प्रकाशाच्या वाटेत नसेल तर झोताला अडचण नाही, पण लाल रंग उन्हात लवकर विटतो आणि वर्षा-दोन वर्षांत गुलाबी चौकट घेऊन फिरावं लागतं. हे माझं मत आहे, गाडी तुमची आहे.

११. किती कॅन लागतील?

दोन्ही बेझलना मिळून ४०० मिलीचा रंगाचा एक कॅन पुरून उरतो. प्रायमरचाही एकच.

१२. वडोदऱ्यात हे काम कोणत्या महिन्यात करावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी चार. दव उडालेलं असतं, ऊन मऊ असतं. अपवाद १४ आणि १५ जानेवारी. उत्तरायणाला गच्ची आपली नसते. चिक्कीचे हात, कापलेले पतंग आणि शेजारच्या पोरांची धावपळ यातून ओलं बेझल सुखरूप उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत टाळा. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि काळा रंग दुधाळ होतो. मे महिन्यात उलटं: ४२-४३ अंशांत फवारा बेझलपर्यंत पोचेपर्यंतच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी सातला सावलीत करा.

१३. फवारा मारायची नेमकी पद्धत काय?

कॅन दोन मिनिटं चांगला हलवा. थंडीत आधी कोमट पाण्यात ठेवा, उकळत्या नाही. अंतर वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. फवारा बेझलच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच संपवा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. तिथेच सगळे घसरतात, पहिल्या हातातच काळंभोर करायला बघतात. दहा मिनिटांच्या अंतराने तीन किंवा चार हात. जाड एका हातापेक्षा पातळ चार हात लवकर सुकतात, कारण थिनरला वर यायला वाट राहते.

१४. रंग हाताला कोरडा लागतोय. लगेच बसवू का? किती दिवस थांबू?

हाताला कोरडा म्हणजे फक्त साय धरलीय. खाली दूध तसंच आहे. मी थंडीत किमान सात दिवस थांबतो. रोज दुपारी बेझल गच्चीवर, कुरडया वाळत घालतो तशी जुन्या साडीच्या सावलीत, आणि संध्याकाळी आत.

दिवस मोजण्यापेक्षा परीक्षा घेतलेली बरी. बेझल रंगवताना त्याच कॅनने, तेवढेच हात, एका जुन्या प्लास्टिकच्या पट्टीवरही मारून ठेवा. सातव्या दिवशी ती पट्टी लोणच्याच्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घाला, झाकण घट्ट लावा आणि दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. झाकण उघडून आधी वास घ्या. मग बरणीच्या आतून पांढरा टिश्यू फिरवा. वास नाही, काचेवर तेलकट पापुद्रा नाही, तर बेझल बसवा. पापुद्रा असेल तर अजून चार दिवस, आणि पुन्हा बरणी. आमच्याकडची एक बरणी आता कायमची माझी झालीय, तिच्यात लोणचं घालायला कोणी तयार नाही.

१५. दुसऱ्या दिवशी एक हात आणखी मारला आणि सगळ्या रंगाला सुरकुत्या पडल्या!

खालचा रंग अर्धा पक्का झाला होता, वरच्या थिनरने तो उचलला. पुष्कळ इनॅमलच्या कॅनवर लिहिलेलं असतं: दुसरा हात एका तासाच्या आत, नाहीतर ४८ तासांनंतर. मधला काळ धोक्याचा. सुरकुतलेला रंग वरून झाकला जात नाही. तो पुरता सुकू द्या, घासून काढा आणि प्रश्न ८ पासून पुन्हा सुरुवात करा. दुधाळपणा आणि खरखरीची कारणं प्रश्न १२ मध्ये आहेत.

१६. पुन्हा बंद करताना साधं सिलिकॉन लावलं तर चालेल?

आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका. ते सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि आतला अ‍ॅल्युमिनिअमचा मुलामा काळवंडतो. जुना ब्युटाइल काढून नव्या ब्युटाइलची दोरी खाचेत बसवा, सांधा गरम करून दाबा, स्क्रू आणि क्लिपा लावा. मागची हवेची नळी मोकळी आहे ना ते बघा. ती बुजली तर कितीही चांगलं सील केलं तरी आत बाष्प धरतं.

१७. हेडलाइट पुरात बुडाला होता. तरी रंगवता येईल?

बेझल येईल. रिफ्लेक्टरचा मुलामा फुगला किंवा डागाळला असेल तर तो हेडलाइट पुन्हा नीट प्रकाश देणार नाही, बेझलवर मेहनत करण्याआधी नवा घ्यायचा विचार करा. रिफ्लेक्टर ठीक दिसला तर डिस्टिल्ड वॉटर वरून सोडून गाळ धुवा, कापड लावू नका. एलईडीचं सर्किट आत असेल तर सगळा संच आधी इलेक्ट्रिशियनकडे.

१८. माझे एलईडी प्रोजेक्टर आहेत, उष्णता कमी. म्हणजे कोणताही रंग चालेल?

एलईडीची उष्णता मुख्यतः मागच्या हीट सिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे) जाते, त्यामुळे बल्बची भीती कमी, हे बरोबर. पण दुसरा ताप आहे आणि तो बाहेरून येतो. प्रोजेक्टरचं जाड भिंग उन्हालाही भिंगच. सूर्य खाली असताना गाडीचं तोंड त्याच्याकडे असेल तर किरण आत एका ठिपक्यात गोळा होतात आणि भिंगाभोवतीचं प्लास्टिक वितळल्याची उदाहरणं आहेत. क्रोम ते ऊन बरंचसं परतवतं, काळा रंग पितो. म्हणून भिंगाला लागून असलेलं कडं मी मूळचं असतं तसंच सोडतो आणि बाहेरची चौकटच काळी करतो. तुमचं अंगण पश्चिमेकडे उघडत असेल तर गाडी उलटी लावा.

१९. त्यापेक्षा बाहेरून लेन्सवरच स्मोक स्प्रे मारला तर? उघडायची भानगडच नाही.

त्याने प्रकाश कमी होतो, आणि प्रकाशासाठीच हेडलाइट आहे. एकेकाळी आपल्याकडे समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटवर काळा पट्टा किंवा ठिपका असायचा. त्याला कारण होतं, स्मोकला नाही. लेन्स पिवळी पडली असेल तर तो रंगाचा विषय नाही. टप्प्याटप्प्याने घासून वर यूव्ही क्लिअर, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर, द्यावा लागतो.

२०. आरटीओ किंवा ट्रॅफिक पोलिस अडवतील का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनात फेरफार करण्यावर बंधनं आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ हेडलाइटचा झोत खाली वळलेला असण्याबद्दल आणि १०८ लाल दिव्याबद्दल आहे. बेझलच्या काळ्या रंगाने झोत, त्याचा रंग किंवा नोंदणीतला तपशील बदलत नाही. उघडझाप केल्यावर झोताची दिशा मात्र हलू शकते. म्हणून बसवल्यावर गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात का ते बघा. उघडण्याआधी त्याच जागेवरून भिंतीवर मास्किंग टेपने झोताची वरची कड आखून ठेवली असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. नसेल ठेवली, तर पाच-सहा वेळा स्क्रू पिळत बसावं लागतं.